तीनशे बेचाळीस ग्रॅम

रेणूनं बेंगळुरूहून झोळी पाठवली.
मुठीत मावणारी, निळी, दोन झाडांच्या भरवशावरची.
छप्पर तेवढं तुम्ही बघा म्हणाली, पप्पा,
विकतचं किलोभर भरतं,
आणि तुमचे हात आता रिकामे.

खरं हात कुठं रिकामे होते.
एकतीस वर्षं उद्यमबागेत लाकडाचे साचे केले,
बीड आकसतं म्हणून शंभराला एक जास्त धरायची
बोटांची खोड अजून गेलेली नाही.

कापड खडेबाजारात मिळालं.
बसलिंगप्पा कन्नडात मोजत होता, मी मराठीत,
ऐदु, पाच, आरू, सहा,
सहा मीटरला दोघांचं जुळलं.
छत्रीला असतं तसलं, त्याहून पातळ,
हातात घेतलं की पळतं
तव्यावरच्या तुपासारखं.

दस्तगीर टेलर म्हणाला, ह्याचं काय होत नाही.
चाळीस वर्षं पायजमे शिवलोय मी,
असलं निसरडं पोर मांडीवर घेतलेलं नाही.
मग स्वतःच मशीनची सुई बदलून बारीक घातली,
टाचण्यांच्या जागी दोरीवरचे चिमटे लावायला दिले,
आणि एकच गोष्ट तीनदा सांगितली:
सुती कापड माफ करतं, उसवलं तर भोक बुजतं.
हे ठेवून घेतं.

कडा सरळ कापायच्या नसतात.
सरळ कड वाऱ्यात फडफडते, रात्रभर झोप खाते.
आत जरा बाक हवा,
फोटोला उभं राहताना पोट आत घेतो तेवढा.
माळ्यावरून रेणूच्या पाळण्याची साखळी काढली,
भिंतीत दोन खिळे ठोकले, सैल सोडली.
ती आपल्याच वजनानं जशी झुकली
तशी खालून पेन्सिल फिरवली.
शेवंता दारातून बघत होती.
"भिंतीची वाट लावलासा," एवढंच.
रात्री साखळी पुसून माळ्यावर तीच ठेवली.

मधली शिवण दुमडीत दुमड घालून, दोनदा.
दुसऱ्या फेरीला, चहा पिता पिता,
टीप चार बोटं वाकडी गेली.
दस्तगीर नमाजाला गेला होता.
उसवली. सरळ केली. सांगितलं नाही.

गच्चीवर सिलिकॉनमध्ये टर्पेंटाइन कालवून
शिवणीला चोळलं, दोन दिवस वास गेला नाही.
मग शहापुरात पोतदाराच्या काट्यावर नेऊन ठेवलं,
दोऱ्यांसकट.
तीनशे बेचाळीस.
ह्यात सोनं किती धरू, म्हणाला.

कणकुंबीच्या अलीकडं, लुमाण्णा गावड्याच्या काजूत,
भाद्रपद सरता सरता दोर बांधला.
लुमाण्णा कोयता टेकून हसला,
आमच्या बायका शेतात बांधतात की असंच, तान्ह्यांना.
तुमचं तान्हं जरा थोराड आहे.

रात्री पाऊस आला, चोर्ल्याकडून, आडवा.
कड फडफडली नाही.
पाणी दोन्ही अंगांनी उतरून
दोऱ्यावरून खुंटीशी जात राहिलं
आणि मी पोटावर हात ठेवून ऐकत राहिलो,
साच्यातलं पहिलं बीड ठोकून ऐकायचो तसा,
कुठं बद्द वाजतंय का.

पहाटे तीनला कपाळावर एक थेंब.
बऱ्याच वेळानं दुसरा.
टॉर्च न लावता कळलं कुठली जागा.

सरकलो नाही. झोळीत सरकताही येत नाही फारसं.
डोकं जरा कलतं केलं,
थेंब कानामागं जाऊ दिला.

सोमवारी दस्तगीरनं घडी उलगडली,
दाराच्या उजेडाकडं धरली,
शिवणीवरून बोट फिरवत फिरवत आणलं
आणि नेमकं तिथं थांबवलं.
माझ्याकडं बघितलं नाही.
समोरच्या पोराला हाक मारून
दोन चहा सांगितला.